कॅप्टनची दाढी

ब्रँडी स्टेशनची छावणी, व्हर्जिनिया
१४ मार्च १८६४

चि. थर्झास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोचलो बाई एकदाच्या! बरोबर नात अल्मायरा, कडेवर पणती हॅटी नि टोपलीत मेपलची साखर घेऊन, या वयात मी फौजेत दाखल झाले. अल्मायराच्या नवऱ्यानं, कॅप्टन ऑरिननं, ओंडक्यांची खोली बांधलीय. वर तंबूचं कापड, धुराडं म्हणजे बूड काढलेलं पिंप. काल शेजारच्या मेजरीणबाईंचं पिंपच पेटलं. त्या अर्धी वेणी घेऊन बाहेर, नि शिपाई म्हणतात, बाईसाहेब, आठवड्याला एक पेटतंच! काय सांगत होते? हां, हॅटी.

पोरीनं जन्मात बाप पाहिला नव्हता. घरी आपण रोज तसबीर दाखवून, बाबाला पापा दे, म्हणून शिकवलं ना? तसबिरीतला बाप गुळगुळीत, नि इथला छातीपर्यंत दाढीवाला! अशी किंचाळली की पहारेकरी धावला. अजून जवळ जात नाही. त्याच्यादेखत तसबिरीचे पापे घेते. तो हसतो, नि मग उठून लाकडं फोडायला जातो.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
ताई

व्हरमाँट
२५ मार्च

ति. कझायाताईस शि. सा. न. वि. वि.

दाढी काढ म्हणावं की त्याला! एरवी तुझ्या जिभेला हाड नसतं, आताच बरी मूग गिळून बसलीस? रस्ते वाळले की फौज हलणार, नि बायकांना आधी घरी धाडणार, असं इथं सगळे म्हणतात. पुढचं देव जाणे. तेव्हा लौकर कर.

रागावलीस तरी माया असू दे.
थर्झा

वॉशिंग्टन
१७ एप्रिल

चि. थर्झास आशीर्वाद. वि. वि.

सांगितलं होतं गं! पण घरी जाईपर्यंत वस्तरा लावायचा नाही, अशी त्याच्या तुकडीनं मिळून शपथ घेतलेली. कॅप्टननंच कशी मोडायची?

मग बायकांनी निघावं असा हुकूम आला. आम्ही बोचकी बांधतोय, तर त्याचा सार्जंट वस्तरा नि साबण घेऊन दारात. स्वतःची दाढी बेंबीपर्यंत! म्हणाला, आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, कॅप्टनसाहेबांचं घरच इथं चालत आलं, म्हणजे त्यांची शपथ फिटली. बसा.

अख्खी तुकडी बघायला. अर्धा चेहरा उघडा पडला नि हॅटीचं रडं थांबलं. तसबिरीकडं बघे, त्याच्याकडं बघे. मग रांगत गेली नि साबणासकट पापा घेतला! शिपायांनी टोप्या उडवल्या. मीही माझी उडवली, ती अजून सापडली नाही.

गाडीत हॅटी रडू लागली, तशी सवयीनं मी तसबीर पुढे केली. तर तिनं ती ढकलली नि खिडकीकडं हात करत राहिली.

आता देवाला हात जोडशील तेव्हा त्याचं नाव आधी घे, माझं मागाहून. लोभ त्याच्याही वाट्याला येऊ दे.
ताई