आत्याचे लोच आणि टांगणीला लागलेला जीव

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. आशीर्वाद बसल्या जागेवरूनच दे, उठू नकोस. खुबा तुझा असला तरी काळजी आम्हा सगळ्यांची आहे. दुखणं कसं आहे? ताईच्या घरी झोप लागते का? जावईबापू अजूनही सकाळी सगळ्या इमारतीला ऐकू जातील अशा गुळण्या करतात का? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत. सगळे म्हणजे ही, मी आणि तुझे मासे. मासे सुखरूप आहेत हे मुद्दाम आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना तू काठी विसरून उभी राहशील. माझ्या बाबतीत मात्र 'सुखरूप' हा शब्द जरा सैल धर. पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलंय.

ताईकडे जाताना तू टाकी आमच्याकडे पाठवलीस आणि फोनवर म्हणालीस, "त्यांचं काही करावं लागत नाही रे, तळाशी पडून असतात बिचारे." आत्या, 'काही करावं लागत नाही' असं सांगून माझ्या गळ्यात जे जे आलं त्यानं माझा घाम काढलाय (नोकरीतली पहिली लिफ्ट मला याच शब्दांत सोपवली होती). माशांच्या दुकानातला माणूस यांना लोच म्हणतो. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पुढे एक काना लागायचाच काय तो बाकी होता, तो आमच्या घरी येऊन लागला.

पहिल्याच सकाळी चहा घेऊन बघायला गेलो, तर तुझा सगळ्यात मोठा, जाड पट्ट्यांचा, ज्याला तू आजोबा म्हणतेस, तो वाळूवर आडवा. डोळे उघडे, हालचाल शून्य. मी लिफ्टच्या खोल खड्ड्यात पट्ट्याला लटकून काम करतो, तेव्हा हात कापत नाही, कारण काय तुटलं तर काय होईल हे मला ठाऊक असतं. इथे काहीच ठाऊक नव्हतं. तुला काय सांगायचं याची मनात तालीम करत (सुरुवात "आत्या, तसं त्यांचं वय झालंच होतं" अशी होती) मी जाळी पाण्यात घातली, तर मयत ताडकन उठलं, माझ्या मनगटावर शेपटी हाणून दगडामागे गेलं. कप, बशी आणि मी, तिघेही जमिनीवर. ही धावत आली. ही प्रसूतिगृहात नर्स, त्यामुळे ओरडणाऱ्या माणसाकडे शांतपणे बघायची तिला सवय. म्हणाली, "अहो, झोपला होता तो. तुम्हीही सुट्टीच्या दिवशी असेच दिसता."

मग ते दुसरे, गांडुळासारखे बारके. ते नाहीसेच झाले, एकजात सगळे. मी कपाटाखाली पाहिलं, चपलांत पाहिलं, डब्यातल्या तांदळातसुद्धा पाहिलं (का ते विचारू नकोस, घाबरलेल्या माणसाच्या शोधाला दिशा नसते). शेवटी श्वास रोखून टाकीतल्या वाळूत हात घातला, आणि वाळूच वळवळत बोटांतून निघून गेली. त्यावर मी जो आवाज काढला, तो ऐकून खालच्या शिवणकामवाल्या बाई हातात कात्री घेऊन वर आल्या. त्यांना वाटलं चोर शिरला. मी त्यांना मासे दाखवायला गेलो तर एकाचंही टोक दिसेना. आता जिन्यात भेटल्या की त्या माझ्याशी हळू आवाजात, जपून बोलतात.

त्यानंतर आवाज सुरू झाले. टक्. मग काही नाही. मग पुन्हा टक्. माझ्या धंद्यात टक् म्हणजे काहीतरी तुटायच्या बेतात आहे. काच तडकतेय अशी माझी खात्री पटली. मी टाकीभोवती बादल्या मांडल्या, गादी उचलून पलंगावर उभी केली आणि दुकानदाराला फोन लावला. तो हसत हसत म्हणाला की पोटभर खायला मिळालं की हे मासे असे वाजतात. आता तूच सांग, ज्यांचं झोपणं मरणासारखं, असणं नसल्यासारखं आणि खूश होणं काच फुटल्यासारखं, त्यांच्यासोबत माणसानं राहायचं कसं?

पण हे सगळं परवापर्यंतचं. परवा दुपारी जेवायला घरी आलो आणि आजोबा खरोखरच टाकीत नव्हता. दगडामागे नाही, वाळूत नाही. झाकणात पाइपसाठी एक फट आहे, तिच्यापाशी पाण्याचे थेंब होते. थेंबांमागून गेलो, तर तो कपाटाच्या मागे, धुळीत लोळलेला, एखाद्या फेकलेल्या मोज्यासारखा. घरात मी एकटा. ही कामावर. दुकानदारानं बजावलं होतं की यांच्या डोळ्याखाली काटा असतो, जपून. माझा हात काही केल्या पुढे जाईना. मी मोठ्यानं "अगं आई गं" म्हणत डोळे अर्धे मिटले, ओला टॉवेल टाकला आणि त्याला उचलून पाण्यात सोडलं. तो तळाशी गेला आणि कुशीवर पडला. हिला फोन केला. ती म्हणाली, "कल्ले हलताहेत का बघा. हलताहेत ना? मग बसून राहा त्याच्याजवळ."

बसलो. तेवढ्यात आमच्या कंपनीच्या मालकांचा फोन, एक लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकलीय (रिकामीच होती, घाबरू नकोस). मी रडवेल्या आवाजात म्हणालो, आजोबा अत्यवस्थ आहेत. मालक एकदम गंभीर झाले, म्हणाले, तुम्ही हलू नका. आणि काम उरकून ते थेट फळांची पिशवी घेऊन दारात हजर! "कुठे आहेत आजोबा?" त्यांनी हळूच विचारलं. मी बोट दाखवलं. मालकांनी आधी टाकीकडे पाहिलं, मग हातातल्या पिशवीकडे. मला वाटलं, गेली नोकरी. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, टाकीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "डावा कल्ला जरा मंद आहे." आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. ही आली तेव्हा आजोबानं अंग सावरलं होतं, काकडीच्या चकतीला तोंड लावलं होतं, आणि मालक मी दिलेला चहा न पिता टाळ्या वाजवत होते.

फटीत आता स्पंज बसवलाय. काळजी नसावी.

तुझा भित्रा भाचा

ता. क. हे पत्र ताईला दाखवू नकोस. तिचा फोन आला होता. तू ऑपरेशनला नाही म्हणतेस. कारण विचारलं तर कधी हवा वाईट आहे म्हणतेस, कधी डॉक्टर फार पोरगेला आहे म्हणतेस. आई घाबरलीय, तू तिला धीराचं पत्र लिही, असं ती म्हणाली. दमदार पत्र लिहिलंय असं मी तिला कळवूनही टाकलंय. पण धीराचं मला काही सुचेना, म्हणून जे येतं ते लिहिलं. आत्या, त्या दुपारी माझ्यात धीर आलाच नाही गं, अगदी शेवटपर्यंत नाही. कापत्या हातानंच उचलला. तेवढं पुरलं. तू तारीख घे. मी येतो आणि दाराबाहेर बसून तुझ्या वाट्याचंही घाबरतो.

ता. क. दुसरा. मासे मी कुणाबरोबर पाठवणार नाही, तूच येऊन न्यायचे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही (लिफ्टवाल्याच्या घरी कुठली असायला!), आणि चौथा मजला काही उतरून तुझ्याकडे यायचा नाही.