शेजारी बसलेल्यानं झोपायचं नाही

गुरुवार, १० मार्च

प्रिय दादा,

तुझ्या भांडकुदळ बहिणीचा नमस्कार. आई बरी आहे, मी बरी आहे, जिन्यातला दिवा अजून बंदच आहे. तू ठीक असशीलच. बाबांना शेवटचं पोचवायला आलास, फाटकाशी परक्यासारखा उभा राहिलास आणि घोटभर पाणीही न पिता पसार झालास! तिथेच धरून तुझी खरडपट्टी काढणार होते, पण माणसं होती.

परवा बाबांचे ट्रकवाले दोस्त येऊन बसले होते. काय हसलो आम्ही! एकजण म्हणाला, "हा फौज सोडून आला, पण फौज काही त्याला सोडेना." खरंच रे. ट्रकवर जायचं तरी शर्टाला इस्त्री, बुटांना पॉलिश. फेरीवरून आले की आधी आपल्याला पोटाशी घ्यायचे, मग आंघोळ. आई ओरडायची, "पोरांना डिझेलचा वास लावू नका." ती आजारी असली की माझ्या वेण्या तेच घालायचे, ताडपत्रीचा दोर आवळावा तशा. दिवसभर माझ्या भुवया वर चढलेल्या.

मग दोस्तांनी त्यांचा तो नियम काढला. शेजारी बसलेल्यानं डोळा मिटायचा नाही. चालवणाऱ्याशी बोलत राहायचं, विषय संपले तर भांडायचं, पण त्याला जागं ठेवायचं. फौजेच्या ताफ्यात यावरून त्यांनी एकाला सगळ्यांदेखत झाडलं होतं म्हणे. मी गप्प बसले. मी आणि गप्प! आईनंसुद्धा वळून बघितलं.

बरं, आढेवेढे पुरे. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांना चमच्यानं चहा पाजत होते. मध्येच म्हणाले, "त्या दिवशी मी झोपलो होतो."

"कुठल्या दिवशी?"

"गाडी पुलाच्या कठड्याला धडकली तेव्हा. पोरगा चालवत होता. इतका छान हात बसला होता त्याचा, जरा म्हणून हिसका नाही. मला वाटलं, आता मिटावेत डोळे. जन्मात कुणाच्या शेजारी झोपलो नव्हतो गं. मी बोलत राहिलो असतो तर त्याला डुलकी लागली नसती."

"मग 'तुझी गाडी हाकायची लायकी नाही' असं का म्हणालात त्याला?"

"लाज वाटली. गुडघा मोडला त्याचं काही नाही, पण जगाला झाडत आलो आणि स्वतः घोरत होतो. तोंडातून भलतंच निघालं. नंतर मागे घ्यायला जीभ रेटेना. तू सांग त्याला."

उरलेला चहा प्यायले, "बरं वाटलं" म्हणाले. संध्याकाळी शांतपणे गेले.

हे लगेच कळवलं नाही, कारण मी त्यांच्यावर जाम चिडले होते. बापाचा गुडघा मोडला, धंदा बुडाला, सगळं आपल्यामुळे, असं धरून तू घर सोडलंस. स्टिअरिंगला परत हात लावला नाहीस, गोदामात पेट्या उचलत राहिलास. आणि बाबा एवढी वर्षं मूग गिळून बसलेले! आता कुणाशी भांडू मी?

शेवटी काल आईला सांगितलं. ती खूप रडली. मग एकदम म्हणाली, "मेल्याला आधी तोंड उघडायला काय झालं होतं!" आणि जीभ चावली. आम्ही दोघी अशा हसत सुटलो की शेजारीण डोकावून गेली. किती दिवसांनी जेवण गोड लागलं. दादा, छातीवरचा धोंडा उतरला रे. तुझाही उतरू दे.

आई फोन करणार नाही, तिचा हट्ट तुला माहीत आहे. पण आत्ता मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, "लिही, रविवारी ये म्हणावं. आणि घरात शिरताना मान खाली घालायची नाही."

बाबांच्या वतीनं तुझी माफी मागणारी,
तुझी धाकटी