सरळ डोळ्यांचे फोटो

१२ जुलै

ठकू आज वाढदिवसाचा फोटो घेऊन शाळेत गेली — मला न विचारता! आमच्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेला, तो. फ्रेमसकट दप्तरात कोंबला. दुपारी वर्गाच्या बाईंचा फोन. 'येऊन घेऊन जा, पोर रडायची थांबत नाहीये.'

जाऊन घेऊन आले. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, 'मी पुरावा दाखवला. तरी हसले सगळे.'

कसला पुरावा गं?

'माझे डोळे सरळ असल्याचा.'

मी ओट्याकडे तोंड करून उभी राहिले. तिच्याकडे बघायची हिंमतच होईना.

१३ जुलै

लिहूनच टाकते. इथे तरी.

ठकूचा उजवा डोळा बाहेर जातो. नेहमी नाही. दमली, लांबचं बघायला लागली की सुटतो. आरशासमोर रोखून बघितलं की जागेवर येतो. त्यामुळे नऊ वर्षांत तिला स्वतःला तो कधी दिसलाच नाही. आणि फोटोत मी दिसू दिला नाही.

फोटो हे काढतात, कॉम्प्युटरवर टचिंग मी करते. गिऱ्हाइकांचे मुरूम पुसते, डाग पुसते, तसाच लेकीचा डोळा. पहिल्यांदा केलं तेव्हा दीड वर्षाची होती. डावं बुबुळ उचलायचं, उजव्यात बसवायचं, कडा मऊ करायच्या. चार मिनिटांचं काम, हात बसलाय. मूळ फोटो ठेवलाच नाही कधी, त्यावरच सेव्ह. सासूबाई म्हणायच्या, मोठी होईल तसं जाईल. ऐकायला बरं वाटायचं.

म्हणजे पोरं चकणी म्हणायची तेव्हा तिला वाटायचं, अख्खा वर्ग खोटं बोलतोय. आणि मी वर म्हणायचे, 'लक्ष देऊ नकोस, जळतात मेले!' केवढी माझी हुशारी.

१५ जुलै

पोट दुखतं म्हणून शाळेला दांडी. कालही तेच.

दुकानात एक गृहस्थ आले. टक्कल झाकून हवं होतं. झाकलं. मग फोटो बघून म्हणतात, 'अहो, हा तर माझा धाकटा भाऊ!' एरवी पोट धरून हसले असते.

१९ जुलै

केस विंचरताना पाहिलं — उजव्या पापणीला केसच नाहीत! एकेक करून उपटलेत. लालभडक झालीय.

'आपोआप पडतात,' म्हणाली. माझ्याकडे न बघता. धड जेवत नाही. मैत्रीण खालून हाका मारून गेली, ही पलंगाआड बसून राहिली. माझी बडबडी पोर ती! भाजीवालीशीसुद्धा भांडून यायची.

हे म्हणाले, दोन दिवसांत विसरेल. मी म्हटलं, नाही विसरणार.

२२ जुलै

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दिवे दाखवले, एकेक डोळा झाकून पाहिला. मग मला विचारलं, 'कधीपासून जातो बाहेर? लहानपणचे फोटो आणा, त्यावरून अंदाज येतो.'

आमच्याकडे फोटोंना काय तोटा! आठ अल्बम. एकातही खरा डोळा नाही. सांगावं लागलं — ठकूच्या देखत. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. 'एवढे फोटो, आणि एकही कामाचा नाही?'

ठकू स्टुलावर बसलेली. सगळं ऐकलं तिने. 

ऑपरेशन करायचं ठरलं, पुढच्या महिन्यात. आणि बाईंनी एका कागदावर मनाच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. 'आधी इथे जा. डोळ्याचं थोडं थांबलं तरी चालेल.'

२३ जुलै

माझ्याशी एक शब्द नाही. पाणी हवं तरी बाबाला सांगते.

२६ जुलै

मनाचे डॉक्टर वयस्क आहेत, हळू बोलतात. ठकूशी पाऊण तास बोलले, माझ्याशी दहा मिनिटं. 'कबूल करा तिच्याजवळ. पण कारणं देऊ नका. कारणं तुमच्यासाठी असतात.'

घरी येऊन तिच्या पलंगावर बसले. म्हटलं, मी तुझे फोटो बदलले. चुकलं माझं. कारण द्यायचं नव्हतं, तरी तोंडातून निघालंच, 'तुला कुणी हसू नये म्हणून गं.'

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग: 'माझ्या बाकावरची दोन वेण्यांची, ती रोज सांगायची. तुझा डोळा जातो बघ, म्हणायची. मी तिला खोटारडी म्हटलं. चावलेसुद्धा.'

आणि मग: 'तुला मी तशी आवडत नव्हते ना?'

कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. आवडतेस गं, आवडतेस, म्हणत राहिले. तिने उशी डोक्यावर ओढून घेतली.

३० जुलै

ह्यांच्याशी कडाक्याचं भांडण. 'ती होती तशीच मी काढत होतो. पुसत तू होतीस.' मग थांबवलं का नाही? छापून आल्यावर तुम्हीच म्हणायचात ना — काय गोड आलीय! कॅमेरा पुसत बसले. बिचारेही दिसतात आणि रागही येतो.

७ ऑगस्ट

आज अर्धी पोळी जास्त खाल्ली. पापणीला हात नाही लावला. निदान माझ्यासमोर तरी.

११ ऑगस्ट

एका लग्नाच्या फोटोंचं टचिंग करायला बसले. माऊस धरवेना.  बंद करून उठले.

२० ऑगस्ट

ऑपरेशन झालं. आत नेताना बाबाचं बोट धरलं होतं तिने. मी पलीकडून हात पुढे केला होता. तसाच राहिला.

२४ ऑगस्ट

डोळा लाल आहे, टोचतो म्हणते. थेंब मी घालते. तेवढ्यापुरती मान माझ्या मांडीवर असते. दिवसातून चारदा. थेंब संपू नयेत असं वाटतं. कसली आई मी!

१२ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई खूश. डोळा जागेवर. लांब बघतानाही सुटत नाही. मनाच्या डॉक्टरांकडे मात्र जात राहायचं आहे, कदाचित वर्षभर. पापणीला बारीक केस फुटलेत.

१४ सप्टेंबर

सकाळी तिच्या समोर बसून म्हटलं, 'ठकू, अगदी सरळ आहे गं आता डोळा.' तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग चपला घातल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडत होती! कुठे निघालीस, विचारलं.

'दोन वेण्यांच्या मुलीकडे. तिला विचारून येते. ती खोटं बोलत नाही.'