घूस, टाकी आणि तिसरा आवाज

आदरणीय साडूभाऊ हेमकांतराव यांस,

नवनीतचा साष्टांग नमस्कार. (शनिवारी माझ्या केळीच्या बागेत बारा माणसांनी एकदम साष्टांग घातला, त्यामुळे हा प्रकार सध्या अंगवळणी पडला आहे. कारण खाली येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? चारुताईंची साखर किती? पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या दारात राहून साखर सांभाळणं सोपं नाही, हे मी जाणतो. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन केला तर तुमची मेहुणी दामिनी ऐकते आणि व्हॉट्सॲपवर लिहिलं तर चारुताई तुमच्याआधी वाचतात, म्हणून हे पत्र आमच्या गड्याच्या, लोटनच्या हाती पाठवतो आहे.

तर, माझ्या साठीला तुम्ही दिलेली छऱ्यांची रायफल. शाल द्यायची सोडून माणूस बंदूक देतो तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण घुशींनी ड्रिपच्या नळ्या कुरतडून माझा जीव नकोसा केला होता, आणि तुम्ही गच्चीवर एक पेरू पाडून दाखवून म्हणालात की नेम धरा, दाबा, बाकी बंदूक बघून घेते. साडूभाऊ, बंदुकीने खरंच बघून घेतलं. पेरू मऊ असतो हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. घूस पेरूवर बसत नाही. माझी घूस विहिरीजवळ, ड्रिपच्या लोखंडी फिल्टरच्या टाकीला टेकून बसली होती, सासुरवाडीला आल्यासारखी.

मी पंधरा पावलांवरून नेम धरला. पहिला आवाज बंदुकीचा, दुसरा टाकीचा. तिसराही आवाज झाला, पण त्याबद्दल आत्ता बोलायची माझी इच्छा नाही. घूस शेपटी हलवत बिळात गेली. छरा मात्र टाकीवरून उलटा फिरला. निंबाखाली भाकरी खात बसलेले केळी कापणारे बाराही जण हातातल्या घासासकट जमिनीवर आडवे झाले. (यात दोष कोणाचा? टाकी कंपनीची, बंदूक तुमची, घूस देवाची. माझं फक्त बोट.) पेटीत एक माहितीपत्रक होतं म्हणे. कडक, सपाट वस्तूवर आणि पाण्यावर गोळी झाडू नये, गोळी परत येते, मागे काय आहे ते आधी पाहावं, असं त्यावर चित्रांसकट छापलं आहे. ते मला परवा सापडलं, कारण तुम्ही त्यात चिवडा बांधून दिला होता. चित्रातल्या माणसाने मोठा चष्मा लावला आहे. मला वाटलं, शिकलेला आहे हे दाखवायला लावला असेल.

टोळीचा मुकादम आमशा सातपुड्यातल्या मोलगीकडचा, धनुष्य धरणाऱ्या घरातला. तो उठला, कपडे झटकले, विळा पोत्यात घातला आणि शांतपणे म्हणाला, "दादा, तीर लागना ते रुतस, नहीं लागना ते पडस. तुन्ही गोळी परत येस. ती घरमा शे तवपावत आम्ही येवाव नही." बंदूक घरात आहे तोवर यायचं नाही असं ठरवून बाराही जण गेले. सोमवारी मोलगीच्या बाजारात बातमी पोहोचली. तिथे माझ्या छऱ्याने विहिरीला दोन प्रदक्षिणा घातल्या होत्या. आता कोणतीच टोळी माझ्या बांधावर पाय ठेवत नाही. शुक्रवारी केळीची गाडी येणार. घड तयार आहेत, आणखी चार दिवस राहिले तर झाडावरच पिकतील, मग ती केळी गाडीत नाही, माकडांच्या पोटात जातील. वर्षभराची मेहनत एका घुशीपायी जाते आहे आणि गाव मलाच हसतं आहे. मला याचा भयंकर संताप आला आहे.

तरीही स्पष्ट सांगतो, कोणा मुकादमाच्या सांगण्यावरून मी बंदूक परत करणार नाही. आम्हा गुजरांच्या घरात दिलेली भेट परत जात नाही. चारुताईंना नमस्कार.

आपला,
नवनीत

ता. क. बुधवारी जीप घेऊन या आणि बंदूक घेऊन जा. तुम्हालाच ती हवी झाली असं गावात सांगा. एवढं खोटं साडूसाठी बोलता येतं.

आणखी एक. तिसरा आवाज माझ्या चष्म्याचा होता. डावी काच गेली, डोळा राहिला. चष्म्यावर बसलो असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, दामिनीलासुद्धा. हे पत्र उजव्या डोळ्याने लिहितो आहे. साडूभाऊ, मी फार घाबरलो होतो. आणि छरा दोन हात बाजूला गेला असता तर निंबाखाली कोणाच्याच डोळ्यावर चष्मा नव्हता. आमशाने जाण्याआधी काचेचे तुकडे वेचले, केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिले आणि बाजारात त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. म्हणून वरचं ते गावात सांगायचं खोटं राहू द्या. बुधवारी मी आमशालाही बोलावलं आहे. त्याच्यासमोर मी बंदूक तुमच्या हातात देईन तेव्हा तुम्ही गप्प उभे राहा. बोलायचं आहे ते मला.