ओढ्याकाठची चाळीस एकर

नेब्रास्का,
७ ऑक्टोबर १९८४

प्रिय चारू,

तुझं पत्र पोचलं. ॲरिझोनात, चँडलरच्या उन्हात तू कॉम्प्युटरच्या चिप्स बनवतोस आणि मी इथे मक्याच्या शेतांमध्ये अमोनिया. खतात काय जन्म काढतोयस, इकडे ये, असं तू दर वेळी लिहितोस आणि मी दर वेळी हसण्यावारी नेतो. या वेळी हसू आलं नाही.

आमचा कारखाना शेतकऱ्यांच्याच मालकीचा, हे तुला माहीत आहे. ज्याला खत हवं त्यानं शेअर घ्यायचे. दोन वर्षांपूर्वी मॅनेजरनं मला चर्चच्या तळघरात सभासदांपुढे उभं केलं, म्हणाला, चार शब्द बोल. मी फुशारलो. आमच्या अप्पांनी साखर कारखान्यासाठी गावोगाव सायकलवर फिरून भाग कसे गोळा केले, ते सगळं रंगवून सांगितलं आणि शेवटी ठोकून दिलं की सहकार कधी बुडत नाही. केवढ्या टाळ्या! आपल्याकडे कारखाना गाळात गेला की सरकार हमी घेऊन उभं राहतं, इथे कुणीच राहत नाही, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

वॉल्टरनं त्याच आठवड्यात शेअर घेतले. वॉल्टर म्हणजे आमचा शेजारी, साठीचा. थंडीत गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ते विजेला जोडून ठेवायचं असतं, हे मला त्यानं शिकवलं. नीलाला दिवस गेल्यापासून त्याची बायको दर रविवारी काहीतरी भाजून आणते. तो मला डॉक्टर म्हणतो. मी साधा इंजिनिअर, हे सांगून थकलो.

आता आमचा अमोनिया ज्या गॅसपासून बनतो, त्याचा स्वस्त दराचा करार मार्चमध्ये संपतोय. त्यानंतर आमचं खत बाहेरच्या खतापुढे टिकणार नाही. हिशेब मीच केलाय आणि तो मॅनेजरच्या कुलपात आहे. त्याला आणखी भांडवल हवंय. वीस तारखेला, शनिवारी, पुन्हा तेच तळघर आणि तेच भाषण. माझं ग्रीन कार्ड कंपनीच्या कागदांवर अडलंय. तो धमकी देत नाही, फक्त बाळ कधी येणार ते अगत्यानं विचारतो. नीलाला मी काही बोललेलो नाही. वॉल्टर ओढ्याकाठची बापाची चाळीस एकर विकून शेअर घेणार आहे, माझ्या शब्दावर. काल त्यानं हौसेनं सांगितलं आणि मी त्याचं अभिनंदन केलं. लाज वाटते रे.

चारू, मी ते भाषण करणार आहे. खोटं कशाला सांगू, धीर होत नाही. बाकीच्यांना मी बुडू देतोय, हे मला कळतंय. पण तू एक कर. सोबतच्या चिठ्ठीवर वॉल्टरचा नंबर आहे. शनिवारच्या आत त्याला फोन कर आणि जमीन विकू नका, एवढंच सांग. माझं नाव घेऊ नकोस. त्याच्या ओळखीत आपल्यासारखं इंग्रजी बोलणारा मी एकटाच आहे, त्यामुळे तू तोंड उघडताच त्याला कळेल, हा फोन कुणी करायला लावला ते. कळू दे.

तुझाच,
हेमचंद्र