आईने जिन आणली

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा नवा चष्मा मीच आमच्या दुकानात बसवून दिला. आता तिला लांबचं इतकं स्वच्छ दिसतं, की समोरच्यांच्या बाल्कनीतली धूळसुद्धा ती मला बोट करून दाखवते.

लिहायचं वेगळंच आहे. काल आईने घरात जिन आणली. हो, आपल्या आईने. बाबांच्या बाटल्या बेसिनमध्ये ओतण्यात जिची हयात गेली, तिने. भाजीच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ठके, दाताच्या डॉक्टरकडे मासिकात कृती वाचली. पानच फाडून आणलं. करून बघू."

मी आ वासून उभी. बाबा कशाने गेले, ते तुला मी काय सांगू!

ती कामाला लागलीसुद्धा. संत्र्यांचा रस काढला, लिंबू पिळलं. हिरवी मिरची आल्याच्या तुकड्याबरोबर ठेचली, साखरेचा पाक केला. जिन मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण! ग्लासाच्या कडेला मीठ-तिखट लावलं. सगळं बर्फासकट बरणीत भरून माझ्या हातात दिलं. "हलव. माझा खांदा दुखतो." मी आपली हलवत राहिले. हसावं की ओरडावं, काही सुचेना.

तिने घोट घेतला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता ग्लास फेकणार. तर म्हणते, "छान लागतं गं."

माझं डोकंच फिरलं. बाटली उचलून मी बेसिनपाशी गेले.

"ओतू नकोस," ती म्हणाली. "मी जन्मभर ओतली. एक गेला तो गेलाच, आणि दुसऱ्याला मी दाराबाहेर ठेवलं."

दुसरा कोण, ते तिने सांगितलं नाही. बाबा गेले त्याच महिन्यात एका रात्री तू पिऊन आलास, तिने दार उघडलं नाही, आणि तू पुन्हा फिरकला नाहीस. यावर आपण तिघं कधी अवाक्षर बोललो नाही. मी तर दाराच्या आतच उभी होते, दादा. कडी माझ्या हाताशी होती.

ग्लास खाली ठेवून ती म्हणाली, "मला वाटायचं, यात कोणी राक्षस बसलाय. हे तर सरबत निघालं. मग मी हरले कोणाशी?" आणि मग, "त्याला लिही. कसाही आला तरी मी दार उघडीन."

हे शहाणपण की म्हातारपण, मला कळत नाही. तू सोडली असशील, तर हे वाचून तुला काय वाटेल? सोडली नसशील, तर दारू असलेल्या घरात मीच तुला बोलावतेय का? बाटली माझ्या कपाटात कुलपात ठेवली आहे. तेही बरोबर केलं का, कोण जाणे. उरलेला ग्लास मी पिऊन टाकला. मलाही छान लागला, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

तिचा निरोप पोचवला. माझं एवढंच म्हणणं आहे, जमलं तर सकाळी ये. सकाळी तू आमचा असतोस.

दाराच्या आतलीच,
ठकी