शेवटच्या वॉर्डाच्या खिडकीतलं पाणी

आई, त्या दवाखान्याच्या खिडकीत मी अजून पाणी ठेवते. एकेकाळचा पलटणीचा दवाखाना तो. तुझ्या नोकरीच्या दिवसांत साधा सरकारी होता, आता नुसता कुलूप लावून उभा आहे. तू तिथं नर्स होतीस, आणि सांजेला घरी निघण्याआधी शेवटच्या वॉर्डाच्या खिडकीत पितळी टंबलर भरून ठेवायचीस. तापात पाणी मागत मेलेला एक शिपाई तिथं फिरतो, असं सगळेच म्हणायचे. बाकीच्या नर्सा त्या बाजूला फिरकत नसत. तू मात्र त्याला घरच्या पोरासारखं मराठीत दटावायचीस, "घे, पी, आणि पोरींना भिववू नकोस." या तमिळ मुलखात त्याला मराठी कशी कळणार, असं मी विचारलं तर म्हणालीस, "रागावायला मला दुसरी भाषा येत नाही ग."

अजून आठवतं, शाळा सुटली की मी तिथंच येते. तू मला टंबलर भरायला सांगतेस, मी काठोकाठ भरते आणि व्हरांडाभर सांडत आणते. "डोळे कुठं ठेवून आलीस? आपल्याला नळ आहे, त्याला कोण आहे?" मी म्हणते, तो तर मेलाय. "मेल्यावर अस्की, सगळं सगळं, संपतंय म्हणून कोण सांगितलं तुला?"

आता राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत मला मराठीत रागावणारं कुणी उरलं नाही. माझ्या मुलांना कळतं सगळं, पण उत्तर तमिळमध्ये. म्हणून सांजेला स्कूटर काढते, मागच्या पडक्या भिंतीतून आत शिरते, टंबलर ठेवते आणि गुपचूप परतते.

गेल्या आठवड्यात नव्या वॉचमननं रस्त्यातच अडवलं. "अम्मा, सांजेला तिकडे जाऊ नका. एक बाई येते, खिडकीत पाणी ठेवते." मला हसू आलं. अरे बाबा, ती मीच, असं सांगणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, "पाणी ठेवते आणि कुणाला तरी रागावत बसते. भाषा आमची नाही."

आई, मी तिथं कधी तोंड उघडत नाही.

तशीच स्कूटर वळवली मी. पण खरं सांगते, भीतीच्या मागोमाग रागही आला. इतकी वर्षं तुझ्या फोटोला हार घालते, तिथं हूं नाही की चूं नाही, आणि त्या परक्या शिपायासाठी तू रोज जातेस होय? हे लिहिलेलं तिथं ठेवणार नाही. वॉचमन चुलीत घालेल, आणि तुला तरी कुठं वाचायचा धीर होता.

काल मात्र पुन्हा गेले. टंबलर काठोकाठ भरला आणि खिडकीशी पोचल्यावर अर्धा फरशीवर ओतला. मुद्दाम. मग बोलणी खायला तिथंच उभी राहिले.